खाऱ्या पाण्यातलं तण

१४ सप्टेंबर, रविवार
धनश्री गोव्याला नोकरीवर रुजू व्हायला गेली. जाताना तिची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणि त्यातला एकुलता एक नारिंगी मासा, सरपंच, माझ्या ताब्यात दिला. पाणी फिल्टरचंच, खाणं चिमूटभर, दिवा दिवसातून थोडाच वेळ. नाहीतर शेवाळ वाढेल म्हणाली. हे मला सांगते! राहुरीत खतं आणि तणनाशकं विकण्यात ज्याचे केस पिकले त्या बापाला! दसऱ्याला येणार आहे, सरपंचाला बघायला. आम्हाला बघायला, असं काही म्हणाली नाही. हरकत नाही. मासा इथं आहे तोवर पोरगी येत राहील. टाकीचा झकास फोटो काढून ठेवला.

१७ सप्टेंबर
फिल्टरचं पाणी थेंब थेंब येतं. त्याची वाट बघत बसलो तर नगरहून, सावेडीतल्या घरातून निघून राहुरीचं दुकान उघडणार कधी? बोअरचं घेतलं, त्यात पुडीतलं समुद्री मीठ कालवलं. समुद्राला कुठं फिल्टर असतो? सवयीप्रमाणे पाणी तपासून घेतलं. नायट्रेट भरपूर. म्हणजे पाणी सकस आहे.

१९ सप्टेंबर
काचेवर हिरवट झाक. तब्येत सुधारल्याचं लक्षण.

२० सप्टेंबर, सकाळी
झाक नव्हे, शेवाळ. घाबरायचं कारण नाही. तण ओळखलं की निम्मं काम झालं, असं मीच गिऱ्हाइकांना सांगतो. उद्या मुळासकट काढणार. धनश्रीनं फोटो मागितला. पहिल्या दिवशीचा पाठवला. खोटं काय त्यात? टाकी आपलीच आहे.

२१ सप्टेंबर
काच खरवडली. शेवाळ सुटलं आणि टाकीभर पसरलं. तणनाशकाचा विचार मनात येऊन गेला, पण सरपंच माझ्याकडेच बघत होता. शिवाय आज कळलं, आई त्याला रोज भाकरीचा कुस्करा घालते. दारात आलेल्याला उपाशी ठेवत न्हाईत म्हणे. म्हटलं, आई, तो दारात नाही, टाकीत आहे. तर म्हणाली, मग तर बिचाऱ्याला दुसरीकडं मागायलाबी जाता येत न्हाई.


२२ सप्टेंबर, घटस्थापना
घट टाकीशेजारीच बसले. पेरायला गहू मी दुकानातून आणला. जुनी, उघडी पडलेली पिशवी होती, म्हटलं वाया कशाला घालवायची. आईचं फर्मान: घटापाशी अंधार नको. टाकीचा दिवाही रात्रंदिवस चालू. बायकोला म्हटलं, तू सांग. ती म्हणाली, तुमच्या आई आहेत, तुम्हीच सांगा.
उद्या नक्की सांगणार.

२४ सप्टेंबर
आसाराम, जुनं गिऱ्हाईक, त्याचं वावर मुळा धरणाच्या कालव्याकडेला. त्यानं कालव्यातल्या गोगलगायी आणून दिल्या. लई खात्यात, म्हणाला. टाकीत सोडल्या. खारं पाणी लागताच तोंडं मिटून बसल्या. नवीन जागा आहे. रुळतील.

२६ सप्टेंबर
गोगलगायींचा वास सुटला. काढून टाकल्या. शेवाळ मात्र जोमात. माझ्या सल्ल्यानं कुणाचं पीक एवढं आलेलं आठवत नाही. धनश्रीला पुन्हा तोच फोटो, या वेळी डावी-उजवी बाजू पालटून.

२८ सप्टेंबर
घट उगवलेच नाहीत. दोन पिवळे कोंब, बस्स. आई घटाकडे बघायची, मग माझ्याकडे. आज तिची नजर टाकीकडे गेली. देवीनं जागा बदललीया, म्हणाली. काचेला हळदकुंकू लावलं. आता दसऱ्यापर्यंत त्यातलं हिरवं उपटायचं न्हाई. माझा ब्रश तिनं देवघरात ठेवून घेतला.

३० सप्टेंबर
दोन दिवस सरपंच दिसला नाही. काचेवर टिचकी मारली. काही नाही. दुकानात एकाला उसातल्या हरळीवर सल्ला देत होतो, मध्येच शब्द सुचेनात. लोका सांगे ब्रह्मज्ञान. धनश्रीचा फोन आला. सरपंच मजेत, शेवाळाची काडी नाही, असं सांगून टाकलं.
भीती वाटते.

२ ऑक्टोबर, दसरा
घटात उगवलेलं आज टोपीत खोवायचं. घटात काही नव्हतंच. आईनं टाकीत हात घातला, मूठभर शेवाळ उपसलं आणि माझ्या टोपीत खोवलं. तिच्या पाया पडून उठतो तर धनश्री दारात. खारं पाणी माझ्या नाकावरून ओघळत होतं.
आईनं पाडलेल्या भगदाडातून सरपंच वर आला. जिवंत! पण रंग उडालेला, तोंड वर करून नुसता आ वासत होता. पोरगी ओरडली असती तर बरं झालं असतं. फोटोंबद्दलही काही बोलली नाही. फक्त म्हणाली, बाबा, राहू द्या, मी याला घेऊन जाते.

३ ऑक्टोबर
धनश्री बसनं गेली. सरपंच पिशवीत, पिशवी मांडीवर. आईनं भाकरी बांधून दिली, दोघांना पुरेल एवढी. दिवाळीला येशील ना, मी विचारलं. बघते, म्हणाली.

७ ऑक्टोबर
टाकीचा दिवा बंद केला. कुणासाठी लावायचा? आईही कुस्करा घालत नाही. शेवाळ पिवळं पडायला लागलंय.

१९ ऑक्टोबर
टाकी लख्ख. या काचेतून त्या काचेपलीकडची भिंत थेट दिसते. शेवाळाचा पूर्ण बंदोबस्त झाला, मी काहीही न करता. उद्या लक्ष्मीपूजनाची तयारी, पण घरी आम्ही तिघंच. ती येत नाहीये.
धनश्रीला फोटो पाठवला. आजचा, खरा.
तिनं अंगठा पाठवला.