होळीला टेकडी चढायचा बेत

इटारसी, ता. ७ मार्च १९५४

तीर्थस्वरूप नानादादा यांस,
धाकट्या लहानूचा पायांवर डोके ठेवून नमस्कार.

मी इथे बरा आहे. रेल्वेच्या डॉक्टरांनी छाती तपासून आठ दिवस विश्रांती सांगितली, एवढेच. वहिनींना पत्र वाचून दाखवताना हे वाक्य गाळा.

होळीला येतो आहे. पुलगावला उतरून आर्वीची लहान गाडी धरीन. मनात एकच बेत आहे. आपण दोघांनी एकदा देवीच्या टेकडीवर जावे. पहाटे निघालो तर ऊन तापायच्या आत माथ्यावर पोचू आणि दुपारी घरी परतू. सोबत भाकरी आणि जवसाची चटणी पुरे. तुमचा गुडघा आता कसा आहे? तुमच्या रंभाचे बाळ रांगते का?

लहानपणी बाबांबरोबर चढताना मी अर्ध्या वाटेतच नैवेद्याची पुरणपोळी खाल्ली होती. तुम्ही चिडून म्हणालात, "लहान्या, आता देवीले काय तुह्यं पोट दाखवू?" बाबा हसत सुटले आणि देवीपुढे त्यांनी पळसाची फुलेच ठेवली. माथ्यावरून आपले शेत हातरुमालाएवढे दिसले होते. नोकरीत कितीतरी डोंगर पाहिले, पण तसे कुठे वाटले नाही.

यंदा मला दम लागला, तर मी वाटेत मोहाच्या झाडाखाली बसेन. तुम्ही माझ्यासाठी मागे फिरू नका. तिच्या शेवटच्या वर्षी आई पायथ्याशीच थांबली होती. वरची घंटा ऐकून तिने हात जोडले आणि म्हणाली, "झालं माह्यं दर्शन." तशी एक घंटा माझ्या नावाने वाजवा. जरा जोरात वाजवा.

तुमच्या मागून चालणारा,
लहानू