मापाबाहेरची कुंडी

बन्नीमंटप, म्हैसूर
माघातली एक दुपार

प्रिय मृदुला,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू दचकली असशील, म्हणून आधीच सांगते, मी ठणठणीत आहे. दर रविवारी फोनवर तासभर बोलणारी बाई एकाएकी पत्र लिहायला बसते म्हणजे तिला वेड तरी लागलेलं असतं, नाहीतर तिला काहीतरी मागायचं असतं. माझ्या बाबतीत दोन्ही थोडं थोडं खरं धर. शुद्धलेखन मनातल्या मनात सुधारून घे. आम्ही म्हैसूरचे शिंपी, पिढ्यान् पिढ्या घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कानडी. मला जे काही लिहिता येतं ते तू आणून दिलेल्या पुस्तकांमुळे, तेव्हा चुकांची निम्मी जबाबदारी तुझी.

मागल्या रविवारी तू म्हणालीस, गोदा, ते चिंचेचं झाड आता कुणालातरी देऊन टाक, मी काही परत येत नाही. आणि लगेच अवनीच्या परीक्षेविषयी बोलायला लागलीस. मीही तुझ्या नातीच्या परीक्षेचं ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर गच्चीत गेले, तर संध्याकाळ झाली होती आणि चिंचेची पानं मिटायला लागली होती. तुला आठवतं ना, तू मला पहिल्यांदा हे दाखवलंस तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. एवढंसं गुडघ्याइतकं कुंडीतलं झाड, पण झोपायची वेळ रस्त्यावरच्या मोठ्या चिंचेसारखीच पाळतं. त्या दिवशी त्याचं शेवटचं पान मिटेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. मला खूप रडू आलं, आणि रागही आला. राग तुझाच.

तू पहिल्यांदा दुकानात आलीस तो दिवस मला कालच्यासारखा दिसतो. बोगादीहून स्कूटरवर, हातात मोरपंखी ब्लाऊजपीस, तोंडात पाठ केलेली चार कानडी वाक्यं. मी तेव्हा मशीनला मराठीतून शिव्या घालत होते. त्या ऐकून तू स्टुलावर जी बसलीस ती दिवे लागेपर्यंत. मी तुला ‘सुम्मने बसा’ म्हटलं, तर सुम्मने म्हणजे काय म्हणून विचारलंस. उगीच, काही कारण नसताना, असं मी सांगितलं. तो शब्द तुला इतका आवडला की पुढे पंधरा वर्षं तू बोगादीहून सुम्मने येत राहिलीस. तुझे दिलीपराव म्हणायचे, आमच्या घरात साड्यांपेक्षा ब्लाऊज जास्त झालेत.

आणि हे झाडही सुम्मनेच मिळालं. नंजनगूडहून येताना रस्त्यातल्या पुलाच्या कठड्याच्या फटीत बोटभर रोप दिसलं, तू गाडी थांबवायला लावलीस, दिलीपराव वैतागले, आणि शेवटी त्यांनीच गाडीच्या किल्लीने ते अलगद सोडवलं. दिलीपराव वारल्यावर बोगादीचं घर तू सोडलंस आणि लेकाकडे गेलीस. अनुरागच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये ऊन येत नाही म्हणून झाड माझ्याकडे ठेवलंस. थोडे दिवस सांभाळ, म्हणालीस. मी ते शब्दशः धरलं.

आता तुझ्यापासून लपवलेली एक गोष्ट. दिलीपरावांनी आणलेली ती निळी कुंडी गेल्या पावसाळ्यात मुळांनी फोडली. झाड सध्या प्लास्टिकच्या टबात आहे. तुला सांगितलं असतं तर तू तेव्हाच म्हणाली असतीस की देऊन टाक. म्हणून मी ठरवलं की कुंडी आपणच करायची. हसू नकोस. माझ्या भावाची, श्रीवत्सची मुलगी पूजिता, तिने बोगादीला, तुमच्या जुन्या घरापासून जवळच, मातीकाम सुरू केलंय. चाक आहे, विजेची भट्टी आहे. मला वाटलं चाकावर बसावं लागेल आणि माझे गुडघे काही ऐकणार नाहीत. पण बोन्सायची चौकोनी कुंडी चाकावर करतच नाहीत, मृदुला. माती पोळीसारखी लाटायची, कागदाचा नमुना वर ठेवायचा, कापायची आणि कडा जोडायच्या. म्हणजे बाह्या, पाठ, पुढा. कडांवर सुईने ओरखडे काढून मधे पातळ चिखल लावला की शिवण पक्की. मी पूजिताला म्हटलं, हे तर मला जन्मापासून येतं.

गर्वाचं घर खाली. पहिली कुंडी मी खळ दिलेल्या साडीसारखी उन्हात वाळत टाकली, ती कोपऱ्यात तडकली. माती सावलीत, झाकून, दमानं वाळवावी लागते. दुसरी झाडाच्या मापाची तंतोतंत केली आणि भट्टीतून निघाली तेव्हा चिंच तिच्यात मावेना, कारण वाळताना आणि भाजताना माती आटते. सुती कापड भिजवल्याशिवाय ज्या बाईने कधी कात्री लावली नाही, तिला हे सुचू नये? पूजिता इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

तिसऱ्या वेळी पूजिताने आटण्याचा हिशेब करून कागदाचा नमुना मोठा कापून दिला. मला फक्त त्या रेषेवरून सुरी फिरवायची होती. पण दुपारची वेळ, खिडकीतून पिवळं ऊन, ओल्या मातीचा वास, आणि माझं लक्ष तुमच्या घराकडे. त्या गच्चीत आता दुसऱ्याच कुणाचे टॉवेल वाळत होते. हात आपले चालत राहिले. चाळीस वर्षांत या हातांनी आत माया सोडल्याशिवाय काही कापलेलं नाही. नरहरीअप्पा, माझे वडील, शिकवायचे की गिऱ्हाईक आज आहे तेवढंच उद्या राहणार नाही, पुढे उसवायला जागा ठेवून कात्री चालव. तशी मी रेषेच्या बाहेरून, चारी बाजूंनी चांगली तीन बोटं माती सोडली. जोडून झाल्यावर पूजिता आली आणि बघतच राहिली. आत्या, इदु ब्लाऊज अल्ला, म्हणाली. ब्लाऊज नाही हा, नंतर उसवून सैल करायला. मोडून पुन्हा करू या, म्हणाली. मी नको म्हटलं. का, ते तेव्हा मलाही कळलं नव्हतं.

भट्टी थंड व्हायला वेळ लागतो. घाईने उघडली तर भांडं तडकतं, म्हणून रात्रभर तशीच ठेवतात. त्या रात्री मला स्वप्न पडलं. मी आपल्या चिंचेखाली बसले होते. झाड होतं तेवढंच, गुडघ्याइतकं, आणि तरी त्याची सावली माझ्या अंगभर होती. म्हणजे मीच लहान झाले असणार, पण स्वप्नात त्याचं नवल वाटलं नाही. कुंडीचा काठ म्हणजे गावातल्या झाडाला असतो तसा पार झाला होता, मातीचा, अजून भट्टीची ऊब असलेला. मी पाय खाली सोडून बसले होते. पानं वरून पडत होती, पिठासारखी बारीक, केसांत, मांडीवर. कुठूनतरी तुझ्या स्कूटरचा आवाज येत होता. मी सरकून जागा केली. तेवढ्यात जाग आली आणि बघते तर खरोखरच मी पलंगाच्या एका कडेला सरकून झोपले होते.

कुंडी सुरेख निघाली. बाहेरून ताकात हळद पडावी तसा फिका रंग, आतून कोरी, मुळांना धरायला खरखरीत. पाणी जायला दोन मोठी भोकं, तार ओवायला चार बारीक. त्या भोकांना काज करावंसं वाटलं, एवढं मात्र आवरलं. मी टब शेजारी ठेवून पाहिलं. झाड कुंडीच्या एका बाजूला छान बसेल आणि दुसरी बाजू मोकळी राहील. पूजिता म्हणते, जाणकार नाकं मुरडतील. मुरडू देत.

आता मागणं. फोनवर विचारलं असतं तर तू तिथल्या तिथे नाही म्हणाली असतीस आणि अवनीच्या परीक्षेकडे वळली असतीस. कागदाला तसं गप्प करता येत नाही, म्हणून हे लिहिलं. अनुराग गुणाचा मुलगा आहे, तो तुला फुलासारखं जपतो, हे मला माहीत आहे. पण तू हल्ली बाल्कनीत जाऊन हळू आवाजात बोलतेस, आणि आज काय केलंस विचारलं की काही नाही म्हणतेस, तेही मला ऐकू येतं. इथे वरची खोली रिकामी आहे. मशिनी मी खाली आणल्या, भिंतींना रंग दिला, दार गच्चीत उघडतं आणि सकाळचं ऊन थेट आत येतं. पाहुणी म्हणून नाही, राहायला ये. तुला एकटं वाटत असेल म्हणून नाही बोलावत. मला एकटं वाटतं, म्हणून बोलावते. झाड मी अजून टबातून काढलेलं नाही आणि कुणाला देणारही नाही. दर वेळी कुंडी बदलताना तू बुंधा धरायचीस आणि मी खालून तार आवळायचे. हे एकटीचं काम नाही. पाडव्याच्या आत नवी पालवी फुटेल, त्याआधी मुळं कापायला हवीत. बुंधा धरायला ये. कुंडी मी चुकून मोठी केली असं पूजिता सगळ्यांना सांगते. पण पारावर एकटीला बसवत नाही, मृदुला, आणि या हातांनी आजवर माप चुकवलेलं नाही.

सरकून जागा करून बसलेली,
तुझीच
गोदा