दोन्ही सभांच्या खुर्च्या

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून तूर्त कागदावरच).

इकडे सगळे मजेत. तुमच्या गुडघ्याला उतार पडला का? मामींनी जिना चढायला बंदी केल्याचं आईकडून कळलं, ती पाळा. परवा निवडणुकीचा निकाल लागला आणि माझा जीव भांड्यात पडला, म्हणून आज निवांत लिहायला बसलो आहे. 'तुमच्या तालुक्यात वारा कुणाचा?' असं तुम्ही मागच्या पत्रात विचारलं होतं. तुम्ही कॉलेजात राजकारण शिकवता, पेपरात त्यावर लिहिता, आणि विचारता कुणाला, तर मंडप-खुर्च्या भाड्याने देणाऱ्या भाच्याला! पण इथेही हा प्रश्न मलाच विचारतात. दोन्ही पक्षांच्या सभांना खुर्च्या आमच्याच जातात आणि ज्याच्या खुर्च्या भरतात तो निवडून येतो, असा वडिलांच्या वेळेपासूनचा समज आहे. वडिलांचा अंदाज कधी चुकला नाही हे खरं. (त्यांच्या काळी उभा राहणाराही एकच असायचा.)

आमच्याकडे मत माणूस देत नाही, घर देतं. रस्त्याच्या वरच्या अंगाची घरं एका पक्षाची, खालच्या अंगाची दुसऱ्याची. सून आली की आडनावाबरोबर तिचं मतही बदलतं, असं मानतात (मानणारे सगळे पुरुष). यंदा वरच्या अंगाने उभा राहिला माझा सख्खा मेहुणा आणि खालच्या अंगाने माझ्या गोदामाचा मालक. एक रुसला तर घरात ताट मिळणार नाही, दुसरा रुसला तर खुर्च्या रस्त्यावर. इकडे आड, तिकडे विहीर. तिसऱ्या उमेदवार एक निवृत्त नर्सबाई होत्या, पण त्यांना कुणी खिजगणतीतच धरलं नव्हतं. त्या सभाच घेत नव्हत्या, मग खुर्च्या कशाला मागतील? दारोदार जायच्या, उभ्या उभ्या बोलायच्या, जाता जाता कुणाचा रक्तदाब बघायच्या.

मेहुण्याची सभा खचाखच भरली. मला बाजूला घेऊन म्हणाला, "काय म्हणतायत खुर्च्या?" मी म्हटलं, "तुम्हीच येणार." दुसऱ्या दिवशी मालकांची सभा, तीही तितकीच भरलेली. त्यांनाही म्हटलं, "तुम्हीच येणार, मालक." मग माझं लक्ष गेलं, तर दोन्हीकडे माणसं तीच! आणि पहिल्या रांगेत दोन्ही दिवस आमच्या मातोश्री. विचारलं तर आई म्हणाली, "अरे, घरात आहे ते मोडकं स्टूल. इथे पाठ तरी टेकता येते." (घरच्या चांगल्या खुर्च्या सगळ्या भाड्याने जातात, हे तुम्हाला ठाऊकच आहे.)

खरी गंमत पुढे झाली. दोघांनीही विजयाचा सत्कार ठरवला. संध्याकाळ तीच, मैदान तेच, आणि हव्या माझ्या सगळ्याच्या सगळ्या खुर्च्या. आता नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? येणार तुम्हीच, असं मीच सांगून बसलो होतो. दोघांनाही हो म्हटलं आणि तेव्हापासून मला अन्न गोड लागेना. निकालाच्या दिवशी मैदानाच्या बरोबर मधोमध टेम्पो लावला आणि आत बसून राहिलो. जो जिंकेल त्याच्या बाजूला खुर्च्या उतरवायच्या, आणि जो हरेल त्याने मला उतरवायचं, एवढंच बाकी होतं.

आणि मामा, नर्सबाई निवडून आल्या! आमचे दोघेही सपशेल आडवे. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून चक्क रडलो, आनंदाने. एकही खुर्ची उतरवावी लागली नाही. घरी बायको भावासाठी डोळे पुसत होती. जवळून पाहिलं तर डोळे कोरडे. (तिचा रक्तदाबही नर्सबाईच बघतात.) सत्काराला खुर्च्या पाठवू का म्हणून नर्सबाईंना विचारून आलो. म्हणाल्या, "नको रे बाबा. माणसं एकदा बसली की उठत नाहीत."

तेव्हा तुमच्या लेखासाठी एवढंच सांगतो: आमच्या तालुक्यात लोक सभेला जातात ते पाठ टेकायला. मत कुणाला देतात ते त्यांच्या घरच्यांनाही कळत नाही. आश्चर्य म्हणजे, हरलेल्या दोघांनीही मला चकार शब्दाने दोष दिलेला नाही. घर शाबूत, गोदाम शाबूत. ही सगळी थोरामोठ्यांची पुण्याई.

मामींना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक (आणि तूर्त धडधाकट)
भाचा

ता. क. थोरामोठ्यांची म्हणजे तुमचीच. नुसत्या खुर्च्यांवर दोघांचा भरवसा बसेना, म्हणून मी दोघांनाही सांगितलं होतं की अंदाज माझा नाही, आमच्या प्राध्यापक मामांचा आहे. तुमच्या लेखाचं कात्रणही दाखवलं, फोटोसकट. फार वजन पडलं.

आणखी एक ता. क. दोघे आजच तुम्हाला भेटायला निघाले आहेत, एकाच गाडीतून. (वरचं अंग आणि खालचं अंग एका गाडीत बसण्याची ही पहिलीच वेळ. लेखात घ्यायला हरकत नाही.) पोस्टाने हे पत्र वेळेत पोचलं नसतं, म्हणून पाकीट घट्ट चिकटवून त्यांच्याच हाती देतो आहे. म्हणजे तुम्ही हे वाचत असाल तेव्हा ते समोर उभे असतील. चेहरा हसरा ठेवा आणि काही झालं तरी खुर्ची देऊ नका. नर्सबाई काय म्हणाल्या ते वर लिहिलंच आहे.