लिहिणाऱ्याचं नाव

भाट्ये, रत्नागिरी
दि. २० जुलै १९८२

ती. दादास,
सगुणाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पाकीट काल पोचलं. कागद उलगडला आणि चुकांची यादी बघून डोकं भणभणलं. एकोणचाळीस चुका. जेवायचं सोडून पडवीत बसले आणि एकेक ओळ माझ्याजवळच्या प्रतीशी ताडून पाहिली. एकोणचाळीसातल्या अडतीस तुझ्या आहेत. वाक्य संपलं की ठिपका द्यायचा हे कोबॉलच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात दिलंय, आणि ते पुस्तक तूच मला पाठवलंस. मी कोडिंग शीटवर एकेका चौकोनात एकेक अक्षर निगुतीने भरून पाठवते आणि तू कार्डं पंच करताना ठिपके गिळून टाकतोस. एक ठिपका गेला की मशिन पुढच्या दहा ओळी चूक धरतं; तुझ्या चार ठिपक्यांपायी माझे पंधरा दिवस फुकट गेले. तुला तिथे कॉम्प्युटरचं मशिन समोर आहे. मला इथून प्रोग्रॅम पोस्टाने धाडावा लागतो आणि चुकाही पोस्टानेच परत येतात, हे जरा ध्यानात ठेव.

एक चूक माझी, ती मान्य. दुरुस्त शीट सोबत आहेत. मोजणी ठेवणाऱ्या खान्याला मी आईचं नाव दिलंय, जनी. नाव काहीही चालतं म्हणे, आणि आपल्या घरात नारळापासून सुक्या बांगड्यापर्यंत सगळं मोजून ठेवणारी तीच. तिला सांगितलं तर मुंबईच्या मशिनात आपलं काय काम असं तिने विचारलं, पण दिवसभर खूश होती.

वकिलांकडचं टायपिंग चालू आहे. गणितात पहिल्या वर्गात बी. एस्सी. होऊन लोकांच्या भांडणाच्या नोटिसा बडवत बसायचं, याचा मला रोज नव्याने संताप येतो. तुमच्या कंपनीत जानेवारीत शिकाऊ प्रोग्रॅमरची परीक्षा आहे आणि फॉर्म आतल्या माणसाच्या शिफारशीनेच जातो, हे तूच लिहिलंस. माझा फॉर्म सही करून सोबत ठेवला आहे. मशिन मी अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण परीक्षा कागदावर आहे, आणि कागदावर मी कुणाला ऐकत नाही.

माया आहे तेवढी पुरे, ठिपके वाढव.
तुझी सगुणा

*

परळ, मुंबई
दि. १२ ऑगस्ट १९८२

चि. सगुणास अ. उ. आ.

बाईसाहेब फारच उखडलेल्या दिसतात. पंचिंगच्या मुली जेवायला गेल्या की मी चोरासारखा त्यांच्या मशिनवर बसतो, एका हातात चपाती आणि दुसऱ्या हाताने तुझी कार्डं. त्यात ठिपका राहिला तर राहिला. असो. या वेळी एकही चूक निघाली नाही. मशिनने पहिल्या फटक्यात उत्तर काढून दिलं. तू हुशार आहेस, हे मी लेखी देतो, म्हणजे पुढच्या भांडणात दाखवता येईल.

सरावासाठी नवं गणित पाठवतो. एका गोदामात चारशे प्रकारचे सुटे भाग आहेत. कुठला भाग संपत आला ते मशिनने आठवड्याच्या आठवड्याला सांगायचं. जरा मोठं आहे, पण तीन आठवड्यांत झालं तर बरं. आणि सुरुवातीला लिहिणाऱ्याच्या नावाची जी ओळ असते ती यापुढे कोरी ठेव. तेवढंच एक कार्ड वाचतं.

गणपतीला या वर्षी मला रजा नाही. कामाचं स्वरूप जरा बदललं आहे, भेटीत सांगेन. वरच्या आळीतला केरू, जो इथे माझ्याच खोलीत राहतो, तो येतो आहे, त्याच्याबरोबर आईला साडी आणि अण्णांना टॉर्च पाठवतो. नाटे गावच्या मुलीकडच्या मंडळींना माझ्या लग्नाबद्दल होकार कळवायला हरकत नाही, असं अण्णांना सांग. तुझा फॉर्म माझ्याकडे आहे. डिसेंबरात देईन.

रागावलीस तरी आशीर्वाद चालू आहेत.
दादा

*

भाट्ये
दि. ३० ऑगस्ट १९८२

दादा,

ती. लिहायला घेतलं होतं, खोडलं. नमस्कारही या वेळी नाही.

साडी आईला आवडली. साडी ज्या कागदात गुंडाळली होतीस तो कागद तिला त्याहून आवडला. मुंबईहून कुणाचं सामान आलं की वाडीतल्या बायका आधी ऑफिसचा रुंद कागद मागून घेतात, हे तू लहानपणापासून बघतोयस. आईने तो ताठ केला आणि फडताळात अंथरायला मला दिला. मी अंथरता अंथरता वाचला. ओळीओळीत जनी. मुंबईत दुसऱ्या कुणाच्या प्रोग्रॅममध्ये आपल्या आईचं नाव असेल असं मला वाटत नाही. आणि वर, लिहिणाऱ्याच्या नावाच्या ओळीत, हरिश्चंद्र.

केरूला विचारलं. त्याला वाटलं आम्हाला ठाऊकच आहे. हरिश्चंद्र जूनपासून प्रोग्रॅमर झाला, वरच्या मजल्यावर बसतो, खोलीतल्या सगळ्यांना त्याने पेढे वाटले, असं त्याने कौतुकाने सांगितलं. नाट्याची माणसं एवढी तत्पर का झाली तेही मला तेव्हा कळलं. तू सहा वर्षं टेपा चढवल्यास आणि उतरवल्यास, कोबॉलची एक ओळ तुला सरळ लिहिता येत नाही. मग प्रोग्रॅमर कोण झालं रे? मी पडवीत बसून डोळे फोडले, तुला खुर्ची मिळाली आणि मला कार्ड वाचवायला सांगितलंस.

गोदामाचं गणित सरावाचं नाही, तुझ्या साहेबाने तुला दिलेलं काम आहे. मी ते गेल्या रविवारीच सोडवलं. फाडणार होते, पण इतकं नेटकं झालंय की हात होईना. तुला मात्र पाठवणार नाही.

तुझ्या लोभाचं काय करायचं ते मला अजून ठरवता येत नाही.
सगुणा

*

परळ
दि. ८ सप्टेंबर १९८२

चि. सगुणास आशीर्वाद, तुला नको असले तरी.

तुझं पत्र खोलीतल्या चार माणसांसमोर फोडलं आणि तोंड लपवायला जागा उरली नाही. चोर म्हणायचं तेवढं बाकी ठेवलंस. आता माझं ऐक. एप्रिलमध्ये तुझी कार्डं मशिनात घातली तेव्हा साहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले. हे कुणी लिहिलं, असं त्यांनी विचारलं. घरच्या माणसासाठी कंपनीचं मशिन वापरतोय हे सांगितलं असतं तर त्याच दिवशी बाहेर पडलो असतो. मी लिहिलं, असं मी म्हणालो. एवढंच झालं. साहेबांनी पाठ थोपटली आणि जूनमध्ये वर बसवलं. त्यानंतर खरं कुठल्या दिवशी सांगायचं होतं, ते तूच कळव.

तुला पुस्तक कुणी पाठवलं? शीट कुणी आणली? जेवण टाकून कार्डं कुणी पंच केली? मी नसतो तर तू आज काय लिहिलं असतंस, नोटिसाच ना? रत्नागिरीच्या मुलीला या कंपनीत कुणी दारात उभं केलं नसतं. पकडला गेलो असतो तर नोकरी माझी गेली असती, तुझं काही जाणार नव्हतं. याचं मोल तुझ्या पत्रात मला कुठे सापडलं नाही.

गोदामाचं काम तीस तारखेला द्यायचं आहे. नाही दिलं तर मला खाली पाठवतील आणि नाट्याची माणसं पाठ फिरवतील. तुझा फॉर्म डिसेंबरात देतो म्हणालो ना? देतो.

दादा

*

भाट्ये
दि. १९ सप्टेंबर १९८२

चि. हरिश्चंद्रास काशीरामचे आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही. बोटीवर होतो तेव्हा तुझ्या आईला खुशालीच्या दोन ओळी, तेवढंच. पण हे लिहितो.

मी इंजिनखोलीत ऑइलमन असताना एडनजवळ बोटीचा पंप बंद पडला होता. तो मी दुरुस्त केला. दुसऱ्या इंजिनिअरने वहीत स्वतःचं नाव लिहिलं आणि बढती घेतली. याला एकवीस वर्षं झाली, आणि अजूनही जेवताना त्याचं तोंड आठवलं की मी ताट बाजूला सारतो. माझाच मुलगा तेच करील असं मला वाटलं नव्हतं.

तरी सगुणेला मी सांगितलं की ही गोष्ट वाडीत जाता कामा नये, भावाचं लग्न होईतो गप्प राहायचं. घर एक आहे, नाव कुणाचंही लागलं तरी, असंही म्हणालो. ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही. बरोबर केलं. मला पटत नव्हतं आणि मी तरी बोललो, याची लाज वाटते. आईच्या शब्दाखातर ती गोदामाचे कागद तुला पाठवते आहे, सोबत आहेत. लग्नापर्यंत आणखी लागतील तेही देईन म्हणते. तिचं मागणं एकच आहे. फॉर्म.

तो फॉर्म तू स्वतःच्या हाताने साहेबाच्या टेबलावर ठेव. नाही ठेवलास तर लग्नाला मला बोलवू नकोस.

काशीराम

*

भाट्ये
दि. १७ जानेवारी १९८३

दादा,

गोदामानंतर मी तुला आणखी तीन प्रोग्रॅम लिहून दिले. हजेरीचा, रजेचा आणि तो दिवाळीतला किचकट. प्रत्येक वेळी फॉर्म दिला का विचारलं, प्रत्येक वेळी तू दिला म्हणालास. परीक्षा नऊ तारखेला होती. मला बोलावणं आलं नाही. पोस्टमनची वाट बघत मी रोज आवाराच्या गडग्यापर्यंत जाऊन उभी राहत होते. पोस्टात गहाळ झालं असेल अशी स्वतःची समजूत घालून मी कंपनीला उत्तराचं कोरं कार्ड जोडलेलं जोडकार्ड टाकलं. परवा उत्तर आलं. या नावाचा फॉर्म आमच्याकडे दाखल झालेला नाही.

पहिल्या वेळी तू घाबरून खोटं बोललास, ते मी कधीतरी विसरले असते. या वेळी तू चार महिने शांत डोक्याने खोटं लिहिलंस, आशीर्वाद देऊन लिहिलंस. अण्णांनी कार्ड वाचलं आणि समुद्राकडे पुळणीवर निघून गेले, दुपारचे आले नाहीत. आई म्हणते काहीतरी कारण असेल. कारण मला माहीत आहे. तुझ्या तोंडून हवं आहे.

सगुणा

*

परळ
दि. २ मार्च १९८३

चि. सगुणास,

इतके दिवस लिहायचा धीर झाला नाही. फॉर्म माझ्या ट्रंकेत आहे. तू इथे आली असतीस तर एका दिवसात सगळ्यांना कळलं असतं. तुझी लिहायची धाटणी, खान्यांना घरच्यांची नावं द्यायची ती सवय. साहेब त्या नावांवरून माझी थट्टा करतात आणि मी हसतो. साहेब माझ्या टेबलाशी आले की मी रोज काहीतरी निमित्त काढून तिथून उठतो. याला चैन म्हणत असशील तर म्हण.

आता खरंच शेवटचं. वर्षअखेरचं काम माझ्या गळ्यात पडलंय, साऱ्या कंपनीची मालमोजणी. एकतीस मार्चला मशिनवर चढलंच पाहिजे. तपशिलाचे कागद सोबत आहेत. मला त्यातलं पहिलं पानही कळत नाही. लग्न आठ मेला आहे, पत्रिका छापायला गेल्यात. तू हात आखडलास तर मी संपलो, आणि मला संपवणारी माझी सख्खी बहीण असेल. लग्न झालं की साहेबांना सगळं सांगेन. शपथ घालत नाही, कारण तुझा विश्वास बसणार नाही.

सांभाळून घे.
दादा

*

भाट्ये
दि. १४ मार्च १९८३

ती. दादास,
सगुणाचा शि. सा. न. वि. वि.

नमस्कार परत लिहिला आहे, कारण यापुढे आपली रोज गाठ पडणार आहे.

फेब्रुवारीत पेपरात जाहिरात आली होती, तुमच्याच कंपनीत पंच ऑपरेटर हव्यात म्हणून. शिफारस नको, टायपिंगचा वेग हवा. वकिलांच्या नोटिसांनी मला आयुष्यात एवढंच दिलं. आईला सांगितलं, अण्णांना सांगितलं, आणि एकोणीस फेब्रुवारीच्या शनिवारी मी तुमच्या दुसऱ्या मजल्यावर परीक्षेला बसले. तू तेव्हा माझ्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर होतास. आनंदीमावशीकडे उतरले होते. तुला कळवायचं नाही, असं मी तिला बजावलं होतं. त्या दिवशी मशिन पहिल्यांदा पाहिलं, काचेतून. रडू आलं, रागानेच आलं.

मुलींमध्ये माझा वेग पहिला आला. नेमणुकीचं पत्र परवा हातात पडलं. सोमवारी एकवीस तारखेला हजर व्हायचं आहे. जिचा वेग जास्त तिच्याकडे प्रोग्रॅमरांची शीट द्यायची, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. म्हणजे तुमच्या मजल्यावरची शीट खिडकीतून माझ्या टेबलावर येतील. आणखी एक. सहा महिने भरले की आतल्या माणसाला प्रोग्रॅमरच्या परीक्षेला बसता येतं, शिफारशीशिवाय. तशी नोटीस जिन्यात लावली आहे. तू रोज तिच्यावरून जातोस आणि मला कधी लिहिलं नाहीस.

तुझ्या साहेबांना मी काही सांगणार नाही. अण्णांना तसा शब्द दिला आहे आणि तो पाळीन. तुझ्या मालमोजणीचे कागद वाचले. सुटतं. दोन दिवसांचं काम आहे. मी ते सोडवलेलं नाही आणि सोडवणार नाही, कागद परत पाठवले आहेत.

तू ते लिहून तीस तारखेपर्यंत खिडकीत आणून दे. उशीर करू नकोस, रांग असते. तू जे लिहिशील ते मी अक्षरन् अक्षर पंच करीन. माझ्या मनाचं त्यात काही घालणार नाही.

आपली,
सगुणा काशीराम मयेकर
पंच ऑपरेटर