तिन्ही लायनी बरोबर चारला

एरंडोल, बुधवार

श्री. अभिमननाना यांना व्याही रुपचंद यांचा रामराम.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो असं विहीणबाईंकडून कळलं, बरं वाटलं. इकडे सर्व ठीक. तुमची दिपमाला (आता आमचीही) मजेत आहे, फक्त तिची नोकरी वायरीला लटकली आहे.

तिच्या पुण्याच्या कंपनीने महिनाभर घरून काम करून बघायला सांगितलं आहे. इंटरनेट तुटत राहिलं, तर पहिल्या तारखेपासून पुण्यात हजर व्हायचं. आमचा प्रेमराज इथल्या शाळेत मास्तर, म्हणजे तो इकडे आणि ती तिकडे. म्हणून तिने तीन लायनी घेतल्या. एक घरची, एक मोबाइलच्या सिमकार्डाची आणि तिसरी शेजारच्या चिंधाकडून. (चिंधाशी माझं तीन वर्षं बोलणं नाही. कारण गटारीचं आहे, पत्रात शोभणार नाही.) वायर मागायला गेलो तर म्हणाला, "वायर लई जा, पन मनासंगे बोलू नको." वायर भिंतीवरून आली, अबोला तिथेच राहिला. या तिन्ही लायनी व्हीपीएन नावाच्या प्रकाराने तिने एकत्र बांधल्या. एक पडली तरी उरलेल्या दोघींवर काम चालू राहतं. हे तिने मला दोनदा समजावलं, दुसऱ्यांदा मी समजल्यासारखी मान हलवली.

तरीही रोज दुपारी बरोबर चारला तिन्ही लायनी एकदम बंद, आणि वीसेक मिनिटांनी आपोआप चालू. मी वरणगावच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, आपोआप काही होत नाही हे मला माहीत आहे. गच्चीवर चढलो. वायरमन दोनदा आला (दोन्ही वेळा चहा घेऊन कबुतरांवर ठपका ठेवून गेला). आमच्या सौ. कमलबाईंचा संशय चिंधावर, म्हणून चारला भिंतीवरून डोकावलो, तर तो खाटेवर तोंड उघडं टाकून झोपलेला. माफी मागावीशी वाटली, पण बोलणं नाही. सोमवारी साहेबांशी बोलता बोलता दिपमाला पडद्यावर गोठली. नंतर तिचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं.

असो. तपास चालू आहे. विहीणबाईंना नमस्कार सांगा.

आपला,
रुपचंद

ता.क. दिवाळीत दिपमालाने तुमच्या टीव्हीखाली हिरव्या दिव्याची एक काळी डबी ठेवली होती. आमच्या तिन्ही लायनी तुमच्याकडे धुळ्याला त्या डबीत एकत्र येतात आणि तिथून पुढे जातात, हे मला काल कळलं. कालच विहीणबाई कमलबाईंना फोनवर सहज म्हणाल्या, की तुम्ही रोज चारला शर्टाला इस्त्री करता आणि त्यासाठी टीव्हीखालचा एक प्लग काढता. व्याह्यांच्या इस्त्रीबद्दल बोलणारा मी कोण? सोबत एक्स्टेंशन बोर्ड पाठवतो आहे. दिपमालाला कारण सांगितलेलं नाही.

आणखी एक. लायन गेली की ती लॅपटॉप मिटून स्वयंपाकघरात येते आणि आम्हा दोघांबरोबर वीस मिनिटं चहा घेते. एरवी दिवसभर तिचं दार बंद असतं. तेव्हा हा महिना सुखरूप पार पडल्यावर एखाद्या दिवशी तुम्हाला तो बोर्ड सापडला नाही, तर फार शोधू नका.