आईंची खोली आन् फिनेलची खोकी

अहो,

तुमच्या आईंना घेऊन मी केंदूरला माहेरी चाललेय. जेवायला काही केलेलं न्हाई.

सकाळी आईंच्या अंगावर फिनेलची खोकी कोसळली. 'एकावर एक फ्री' म्हणून तुम्ही त्यांच्या पलंगाशेजारी छतापर्यंत रचली व्हती तीच. मी बाहेर पाणी भरत व्हते, हाक ऐकून पळत आले. त्यांचा हात मोडलाय. शिरूरला नेऊन प्लास्टर करून आणलं.

मागच्याच महिन्यात सांगितलं व्हतं, आईंची खोली तरी सोडा. तवा "ऑफर उद्या संपतीया" म्हणून माझ्यावरच ओरडलात. तीन माणसांच्या घरात एवढं फिनेल कशाला लागतं?

दवाखान्यातून फोन केला, तर तुम्ही पहिलं विचारलंत, "बाटल्या फुटल्या का?" फोन स्पीकरवर व्हता. आईंनी ऐकलं.

मी त्यांना म्हणलं, तुम्हाला तळेगावला वन्संकडं सोडते. त्या म्हणल्या, "न्हाई, मी तुझ्यासंगं येते. आन् त्याला लिव्ह, मला न्यायला येऊ नको. त्या घरात मी आता मावत न्हाई."

लिहिलं.

स्नेहल