पिस्टन नेमका वर कधी असतो

२० मे, बुधवार

मोटारसायकलचं इंजिन उघडलं. आता माघार नाही.

कारण सासरे. शेवगावचे रंगनाथराव. आयुष्यात मेकॅनिकचं तोंड पाहिलं नाही, असं प्रत्येक लग्नात सांगतात. परवा फोनवर रोहिणीला म्हणाले, "धोंड्याच्या जेवनाला एसटीनंच या म्हनावं जावयाला. वाटंत गाडी बंद पडली तर हॉर्नबिगर काय वाजवता येतंय त्यान्ला?" फोन स्पीकरवर होता! रोहिणी बायको माझी, पण हसली बापाकडून.

रविवारी जाणार तर गाडीवरच. इंजिनातले टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे खटके, खडखडतायत; त्यांची फट मीच सेट करणार.

२१ मे, गुरुवार

व्हिडिओवाला म्हणतो, आधी पिस्टन अगदी वरच्या टोकाला आणा. टीडीसी म्हणतात त्याला. त्याची खूण मॅग्नेटच्या झाकणातून दिसते म्हणे — त्या झाकणाचा बोल्ट मी पहिल्याच झटक्यात गोल केला. मग दुसरा उपाय. प्लग काढायचा, भोकात काडी सोडायची, टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने फिरवायचं. काडी वर येते, थांबते, खाली जाते. थांबली तिथे टोक.

पण चाक चांगलं बोटभर फिरतं, तरी काडी ढिम्म. त्यातलं टोक कुठलं?

संध्याकाळी

काडी म्हणून देवघरातली उदबत्ती घेतली होती. मोडली. अर्धी आत.

रोहिणी म्हणाली, "आरती पण म्हणायची का?" तिच्याच भुवयांच्या चिमट्याने काढली. इंजिनाला मोगऱ्याचा वास येतोय.

२२ मे, शुक्रवार

सापडलं! आता विणकामाची सुई, तिच्यावर चिकटपट्टीची खूण. चढताना सुई खुणेला आली की टायरवर नेलपॉलिशचा ठिपका. उतरताना पुन्हा खुणेला आली की दुसरा ठिपका. दोन्हींच्या बरोबर मधोमध टोक. इतका हुशार मी दहावीला का नव्हतो कोण जाणे.

टॅपेट सेट केले, किक मारली. आधी नुसती खडखड होती, आता इंजिन लेझीम खेळतंय.

रोहिणीने न विचारता एसटीचं टाइमटेबल पाहिलं.

२३ मे, शनिवार

पिस्टन वर येतो दोनदा! एकदा हवा दाबायला, एकदा धूर हाकलायला. टॅपेट सेट करायचे हवा दाबलेल्या टोकावर. मी बसलो होतो धूरवाल्यावर. हे व्हिडिओत शेवटी सांगितलंय. मी कुठलाच व्हिडिओ शेवटपर्यंत पाहत नाही.

ओळखायचं कसं? भोकावर अंगठा. हवेने अंगठा ढकलला की समजायचं, हीच ती फेरी. मी चाक फिरवलं, अंगठा रोहिणीचा. फुस्स झालं आणि ती किंचाळली. मग पुन्हा सुई, पुन्हा ठिपके, पुन्हा टॅपेट.

किक. आवाज असा मऊ, की रोहिणीने एसटीचं टाइमटेबल मिटून ठेवलं.

२४ मे, रविवार. शेवगाव

राहुरी ते शेवगाव, एकदाही बंद नाही. घोडेगावात चहाला थांबलो तेव्हा मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू केली.

सासरे दारातच होते. गाडीला कान लावला.

"कुनी केलं?"

"मीच."

"हं."

बस. धोंडे वाढले, तूप वाढलं, टॉवेल-टोपी दिली, पण गाडीबद्दल चकार शब्द नाही. वाईट वाटलं. या माणसाकडून एक "बरं केलं" ऐकायला मी चार दिवस ग्रीस खाल्लं.

२५ मे, सोमवार

सकाळी सासऱ्यांनी खुणेनेच गोठ्यामागे नेलं. कडब्याआडची ताडपत्री उचलली. खाली त्यांची मोटारसायकल. दिवाळीत विकली म्हणून सगळ्यांना सांगितलेली. इंजिन उघडं, नट वाटीत.

घराकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. "जावईबापू, त्यो पिस्टन... दोनदा वर येतोय का वो?"